समजावून सांगणारे साळवे

"कळलं का?" असं डॉक्टर साळव्यांनी कुठल्याही पेशंटला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "कळलं का म्हटलं की माणूस मान हलवतो. मान काय, नंदीबैलसुद्धा हलवतो." त्यांचा प्रश्न वेगळा असायचा. सगळं सांगून झालं की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते म्हणायचे, "आता काय कळलं ते मला सांगा." मग समोरचा माणूस, मग तो बागाईतदार असो की ऊसतोडीवरनं आलेला मजूर, अडखळत अडखळत आपल्याच मूत्रपिंडाची गोष्ट त्यांना सांगायला लागायचा. चुकला तर साळवे पहिल्यापासून सुरू करायचे. बाहेर बाकावर गर्दी खोळंबलेली असायची, नर्स दारातून डोकावून जायची, पण त्यांचं आपलं चालू.

नव्वदच्या दशकातली बरीचशी वर्षं मी त्यांच्याबरोबर नगरच्या एका खाजगी रुग्णालयात काढली. ते मूत्ररोगाचे सर्जन आणि मी भूल देणारी. ऑपरेशनच्या टेबलाच्या एका टोकाला मी, मधे साळवे. भूल देणाऱ्या माणसाला सर्जनचा चेहरा कमी आणि हात जास्त ओळखीचे होतात. त्यांचे हात आखूड बोटांचे, जाडसर, पण आत गेले की फार हळुवार चालायचे.

बुटके, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात भाजलेले शेंगदाणे. दुपारच्या जेवणाला वेळ मिळाला नाही की तेच जेवण. टेबलाच्या खणात एक शाळकरी पाटी आणि पेन्सिल, चित्र काढून दाखवायला. आणि एक लाकडी स्टूल, पेशंटच्या खुर्चीपेक्षा बुटकं. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की स्वतःची फिरती खुर्ची सोडून ते त्या स्टुलावर येऊन बसत. "उभ्यानं सांगितलेलं माणसाला ऐकू येत नाही, मॅडम," ते मला म्हणायचे.

हे कुठून आलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचे वडील कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. छप्पनच्या धर्मांतरानंतर त्यांनी हट्टानं पोरांना शिकवलं. साळवे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना वडील आजारी पडले. एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर खाटेपासून लांब उभे राहिले, शेजारच्या डॉक्टरांशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि पुढच्या खाटेकडे गेले. वडिलांनी मुलाला विचारलं, "काय म्हनले सायेब?" मुलाला काहीच कळलेलं नव्हतं. त्यानं सांगितलं, "बरं व्हईल म्हनले."

"माझा बाप कशानं गेला ते त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं," साळव्यांनी मला सांगितलं होतं. "मलाही नव्हतं. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला वर्गात मूत्राशयाच्या कॅन्सरवर लेक्चर चाललं होतं. सर एकेक लक्षण सांगत होते आणि मला एकेक दिवस आठवत होता. तेव्हा कळलं."

म्हणून ते सगळं सांगायचे आणि सगळ्यांना सांगायचे. एकदा कोपरगावच्या एका मोठ्या शेतकऱ्याची मुलं आली. वडिलांना कॅन्सर निघाला होता. मुलांनी साळव्यांना बाजूला घेतलं, "साहेब, दादांना कळू देऊ नका. ते हाय खातील." साळव्यांनी ऐकून घेतलं, आत गेले, स्टूल ओढलं आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "दादा, तुमच्या पोरांनी मला बजावलंय की तुम्हाला काही सांगू नका." म्हातारा शांतपणे म्हणाला, "मला म्हैन्यापासून ठावं हाय. पोरान्ला कळू दिऊ नका म्हनून मीच तुमाला सांगनार हुतो." साळवे इतके हसले की बाहेरच्या बाकावरची माणसंही उगाचच हसायला लागली.

ते हसणं मी पुढं फार काळ ऐकलं नाही. त्याचं कारण आजिनाथ.

आजिनाथ पाथर्डीकडचा. नगर-पाथर्डी रस्त्यावर वडापची, म्हणजे मिळेल तिथं पॅसेंजर भरून नेणारी जीप चालवायचा. पंचेचाळिशीचा, उंच, कायम गळ्यात रुमाल आणि बोटांत विडी. लघवीतून रक्त जायला लागलं, दुखत काहीच नव्हतं, म्हणून त्यानं बरेच दिवस अंगावर काढलं. साळव्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तर मूत्राशयात गाठ होती. ती त्यांनी खरवडून काढली. वरवरची होती. पुन्हा उगवू नये म्हणून दर आठवड्याला एक औषध नळीतून मूत्राशयात सोडायचं ठरलं. औषध म्हणजे क्षयाची लस, लहान मुलांच्या दंडावर टोचतात तीच.

"टीबीची लस? लघवीच्या पिशवीत?" आजिनाथनं विचारलं.

"हां. तिच्यानं तिथली फौज जागी होते आणि गाठीचं उरलंसुरलं मारून टाकते."

"लई भारी!" आजिनाथ म्हणाला.

औषध आत ठेवून दोन तास पडून राहायचं आणि मधून मधून कूस बदलायची, अशी रीत. आजिनाथला गप्प पडवत नसे. साळव्यांना समोर ऐकणारा माणूस मिळाला की राहवत नसे. त्या दोन तासांत त्यांची मैत्री झाली. शेजारच्या खोलीत मी चहा पीत बसलेली असायची आणि भिंतीपलीकडून त्यांच्या गप्पा ऐकू यायच्या.

त्याच सुमाराला साळवे मुंबईला एका परिषदेला जाऊन आले. आले ते भारावूनच. तिथं त्यांनी जनुक उपचाराबद्दल ऐकलं होतं. मला सांगितलं, नर्सला सांगितलं, आणि त्या आठवड्यात आजिनाथ कुशीवर पडलेला असताना त्यालाही सांगितलं. पाटी काढल्याचा आवाज मला आला.

"हे बघा आजिनाथराव, आपलं अंग बारीक पेशींचं बनलेलं असतं. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पण प्रत्येकीच्या आत एक हुकूम असतो, की आता बास, थांब. त्याला जीन म्हणतात. तुमच्या गाठीत तोच बिघडलाय."

"ब्रेक फेल," आजिनाथ म्हणाला.

"बरोबर! आता परदेशात काही डॉक्टर काय करून बघताहेत, तर चांगला ब्रेक पेशीत नेऊन बसवायचा. न्यायचा कशातनं? सर्दीच्या विषाणूतनं. तो पेशीत घुसण्यात पटाईत असतो. त्याच्यातलं रोगाचं काढून टाकायचं आणि त्या जागी आपला हुकूम भरायचा. मग तो विषाणू नळीवाटे पिशवीत सोडायचा."

मग आजिनाथचा आवाज आला. "म्हंजी चोराची जीप धरायची, चोर खाली उतरवायचा, अन आपला मानूस बसवून धाडायचा."

साळवे उठून माझ्या खोलीच्या दारात आले. "ऐकलंत मॅडम? मुंबईत एवढ्या स्लाइडी दाखवल्या, पण असं कोणी सांगितलं नाही!"

आणि मग परत जाऊन, नेहमीप्रमाणे, "पण हे अजून तयार नाही. अजून प्रयोगच चाललेत, तेही तिकडं, थोड्या माणसांवर. गुण येतो की नाही ते कोणालाच ठाऊक नाही. आता काय कळलं ते सांगा."

आजिनाथनं सगळं सांगितलं. ब्रेक सांगितला, चोर सांगितला आणि शेवटी "आजून तयार न्हाई" हेही सांगितलं. मी माझ्या कानांनी ऐकलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे अनेकांनी, खुद्द साळव्यांनीही, असं म्हटलं की त्याला नीट कळलं नसावं. त्याला कळलं होतं.

काही महिन्यांनी गाठ परत आली आणि या खेपेला मूत्राशयाच्या स्नायूत शिरली. आता खरवडून भागणार नव्हतं. मूत्राशयच काढायला हवं होतं आणि लघवीची वाट पोटावर काढून तिथं बाहेरून पिशवी लावायला हवी होती. साळव्यांनी ते स्टुलावर बसून सांगितलं. वेळेत काढलं तर आजिनाथ जगण्याची चांगली शक्यता होती.

"वास येतो का?" आजिनाथनं विचारलं.

"नीट बसवली तर नाही येत."

"साहेब, जीपमदी मानसं मांडीला मांडी लावून बसत्यात. माझ्या शेजारी पुढं चौघं असत्यात. करंजीचा घाट, खड्डे. पिशवी फुटली तर? एकदा फुटली की माझ्या जीपमदी परत कोन बसंल?"

"धंदा बदलता येईल. जीव राहिला तर सगळं करता येईल."

"पन ती दुसरी दवा हाय की. तुमीच सांगितली."

"ती दवा नाही आजिनाथराव. प्रयोग आहे."

"मी कुठं आज म्हनतोय? येईल तवा येईल. मी थांबतो."

साळव्यांनी पुन्हा समजावलं. पुढच्या आठवड्यात निरोप पाठवून बोलावलं आणि पुन्हा समजावलं. अमेरिकेत त्यांचा एक वर्गमित्र होता. त्याला त्यांनी गेटासमोरच्या फोनच्या बूथवरून फोन केला. काचेच्या आत ते मोठमोठ्यानं बोलत होते, मी बाहेर उभी होते. बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. "तो म्हणतो, आत्ता ते फक्त एवढंच बघताहेत की त्यानं अपाय तर होत नाही ना. त्यानं अजून कोणीच बरं झालेलं नाही. आणि बाहेरच्या देशातल्या माणसाला घेत नाहीत." हेही त्यांनी जसंच्या तसं आजिनाथला सांगितलं. आजिनाथ म्हणाला, "बघा, म्हंजी काम तर चालू हाय."

एका रविवारी ते मला बरोबर घेऊन आपल्या जुन्या फियाटमधून त्याच्या गावी गेले. बाई माणूस बरोबर असली तर त्याच्या बायकोशी नीट बोलता येईल, असं त्यांना वाटत होतं. दिवाळी होऊन गेलेली. निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. आजिनाथ ओल्या फडक्यानं जीप पुसत होता. अंगानं उतरला होता, पण आम्हाला पाहून त्याचा चेहरा फुलला. त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारल्या. "या रं, हेच ते डाक्टर. ती नवी दवा येनार हाय ना, ती ह्यांच्याकडंच येनार."

पाचसहा माणसं गोळा झाली. त्यांना सगळं पाठ होतं. जीपमध्ये येता-जाता त्यानं ती गोष्ट सगळ्या पॅसेंजरांना सांगितली होती. एका म्हाताऱ्यानं साळव्यांना विचारलं, "साखरंच्या बीमारीवर बी चालंल का ती?"

साळवे लिंबाखाली जमिनीवरच बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. असं कुठलंही औषध आज नाही. नगरला नाही, मुंबईला नाही, कुठंच नाही. कधी येईल ते सांगता येत नाही. आजिनाथनं आता थांबू नये. माणसं लक्ष देऊन ऐकत होती, माना डोलावत होती. त्यांना ते मोठ्या माणसाचं विनयानं बोलणं वाटत होतं.

आजिनाथची बायको सुमन चहा घेऊन आली. तिनं कप साळव्यांच्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली. "साहेब, मी रोज म्हनते, पिशवी लावून घ्या, मी धुईन, मी बदलीन. पन घरात सारखं तुमचंच बोलनं हाय. तुमचं बोलनं तुमालाच खोडता यीना, मग माझं काय ऐकत्यात?"

चहाचा कप त्यांनी न पिता तिथंच ठेवला होता, हे मला परतताना करंजीच्या घाटात आठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात आजिनाथला त्याच्याच जीपमधून आमच्याकडे आणलं. मेव्हणा चालवत होता. लघवी अडलेली, रक्ताच्या गाठी झालेल्या, पाय सुजलेले. मी भूल दिली, साळव्यांनी आत दुर्बीण घातली आणि गाठी धुऊन काढल्या. त्यांचे हात थांबले तेव्हाच मला समजलं. कॅन्सर मूत्राशयाबाहेर पसरला होता, मूत्रपिंडांची वाट बंद होत चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बघायला वॉर्डात गेले तेव्हा साळवे स्टूल घेऊन खाटेशी बसलेले होते. आजिनाथ म्हणाला, "साहेब, इचार केला. आता काढा ती पिशवी. दुसरी लावू बाहेरून. मी तयार हाय."

साळव्यांनी त्याचा हात धरला. सांगायला सुरुवात केली, की आता काढून उपयोग नाही, कारण. त्या "कारण" पाशी ते अडकले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण वाक्य अर्धं टाकलेलं पहिल्यांदा पाहिलं. मग आजिनाथलाच त्यांची दया आली असावी.

"काय कळलं ते सांगू का?" तो म्हणाला. "उशीर झाला. येवढं कळलं."

तो आठवड्याभरात गेला. सुमननं एकदाही साळव्यांना दोष दिला नाही. जाताना पाया पडायला वाकली, तेव्हा साळवे इतक्या झटक्यात मागं सरले की भिंतीवर आदळले.

त्यानंतरचे साळवे मला नीट सांगता यायचे नाहीत. वरून सगळं तसंच होतं. पण पाथर्डीच्या जीपा आमच्या गेटासमोर थांबायच्या, आणि आजिनाथची जीप आता त्याचा मेव्हणा चालवायचा. तिचा हॉर्न शेवटाला घशात अडकल्यासारखा वाजे. ऑपरेशन चाललेलं असताना तो ऐकू आला की साळव्यांचा हात हवेत थांबायचा. नर्स माझ्याकडे बघायची, मी तिला डोळ्यांनीच थांब म्हणायची. मग हात पुन्हा चालू व्हायचा. पाटी खणातच राहिली. समजावताना मधेच गप्प व्हायचे, जणू पुढचं वाक्य कुठं जाऊन पोचेल ते त्यांना दिसत होतं.

मग कोल्हारचे भाऊसाहेब आले. पेरूची बाग, साठीचा माणूस, वाचनाची आवड. मूत्राशयात तशीच गाठ, तशीच स्नायूत शिरलेली. ऑपरेशनचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "साहेब, पेपरात आलं हुतं, आता म्हनं जीन बदलून क्यान्सर बरा करत्यात. तसं काही निघालं असलं तर थोडं थांबू का?"

मी तिथंच होते. ऑपरेशनआधी त्यांची छाती तपासायला आले होते. साळवे स्टुलावरून उठले, खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, "तसलं काही नाही. पेपरवाले काहीही छापतात." त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं की तिकडचे प्रयोग पुढं सरकताहेत.

भाऊसाहेबांचं ऑपरेशन झालं. पोटाला पिशवी लावून ते घरी गेले आणि पुढं स्कूटरवरून बागेत जायला लागले. पेरूच्या हंगामात टोपली घेऊन यायचे. ते आल्याचं कळलं की साळवे मागच्या दारानं निघून जायचे.

एकदा मी त्यांना अडवलं. ते म्हणाले, "मॅडम, ज्याला खरं सांगितलं तो गेला. ज्याच्याशी खोटं बोललो तो पेरू घेऊन येतो. आता मी काय करू?"

"ते खोट्यानं जगले नाहीत. ऑपरेशननं जगले."

"आणि ऑपरेशनला कशानं आले?"

शेवटी एका हंगामात साळवे मागच्या दारानं गेले नाहीत. भाऊसाहेबांना आत बसवलं, समोर स्टूल ओढलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही जीनचं विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तसा प्रयोग चालू होता. अजूनही चालू आहे. औषध अजून झालेलं नाही."

भाऊसाहेबांनी टोपलीतला एक पेरू काढून टेबलावर ठेवला. "ठाऊक हुतं मला."

"कसं?"

"तुमी स्टुलावरनं उठून बोलला."

साळव्यांनी स्टूल आणखी पुढं ओढलं. "मग थांबला का नाहीत?"

"म्हनलं, ह्यो मानूस खोटं बोलतोय म्हंजी कायतरी तसंच कारन आसंल. कुनीतरी थांबून गेलं आसंल."

मला वाटलं, आता त्यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. त्यांनी पुन्हा खरं सांगायला सुरुवात केली, हे मात्र झालं. आता ते आधी "थांबू नका" म्हणायचे आणि मग बाकीचं सांगायचे. त्यानं पुष्कळ माणसं वेळेवर टेबलावर आली. पण हॉर्न वाजला की हात थांबायचा, तो थांबतच राहिला.

दशक संपता संपता माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नगर सोडलं. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला रुग्णालयात गेले. ओपीडी सुरू व्हायला अवकाश होता. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाइकांसाठी लांब बाक असायचा, त्याच्यावर चार-पाच माणसं पेंगत बसली होती आणि त्यांच्या मधे साळवे. पांढरा कोट नव्हता. बूट काढून ठेवलेले, पाय बाकावर वर घेतलेले. नजर समोरच्या बंद दारावर. आत त्या वेळी कोणतंही ऑपरेशन त्यांचं नव्हतं, दुसऱ्या सर्जनचं चाललं होतं. मी जिन्यावरच थांबले.

शेजारी डोईवर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिनं त्यांना आपल्यासारखंच कुणीतरी समजून विचारलं, "तुमचं कोन हाय आत?"

साळव्यांनी पाय खाली सोडले. मग म्हणाले, "हाय एक. पाथर्डीचा."

"लई येळ झाला का?"

"व्हय, लई."

"यील भायेर. धीर धरा," म्हातारी म्हणाली. फडक्यातली भाकरी काढून तिनं मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती घेतली. मी जिना उतरून, त्यांना न भेटताच, निघाले.